कुलाब्याचा पारा आणि तिबेटचं पठार

जानेवारीतल्या एखाद्या पहाटे लालबागच्या आमच्या चाळीत नळाचं पाणी हाताला झोंबतं. आई म्हणते, ‘महाबळेश्वर झालंय नुसतं!’ या गारठ्याचा माग काढत गेलो आणि थेट तिबेटला पोचलो.

सुरुवात मात्र मुंबईतच होते. कुलाबा वेधशाळेत १८४१पासून नियमित नोंदी आहेत. पुढे टिळकांना गणित शिकवणारे केरूनाना छत्रे कोवळ्या वयात तिथंच कामाला होते. २२ जानेवारी १९६२ला कुलाब्याचा पारा ११.७ अंशांवर उतरला, सांताक्रूझचा ७.४वर.

हे होतं कसं? हिवाळ्यात दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून वेगवान वारा वाहतो. त्याला जेट प्रवाह म्हणतात. सरासरी साडेचार हजार मीटर उंचीचं तिबेटचं पठार वाटेत आडवं येतं आणि प्रवाह दुभंगतो. दक्षिणेचा फाटा भूमध्य समुद्राकडच्या वादळी प्रणाली काश्मीरपर्यंत आणतो. त्या पुढे सरकल्या की मागून उत्तरेचे थंड वारे सुटतात. कधीकधी ते पार परळपर्यंत येतात. तिकडे पठाराच्या पश्चिमेला बर्फ साचतो. बर्फ ऊन परतवतो, म्हणून जास्त बर्फाच्या वर्षी तिथला वसंतही गार राहतो.

हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४मध्ये मांडलं: हिमालयात बर्फ जास्त, तर इथे पाऊस कमी. त्या आधारावर १८८६पासून सरकारी अंदाज निघू लागले. पण १८९९मध्ये त्यांचे वारसदार जॉन इलियट यांनी चांगला पाऊस सांगितला आणि पडला भीषण दुष्काळ. चुकलेल्या अंदाजाची किंमत शेतकऱ्यानं मोजली.

१९०४मध्ये गणितज्ञ गिल्बर्ट वॉकर आले. त्यांनी जगभरच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या. १९२४पर्यंत त्यांना हवेच्या दाबाचे मोठे झोके सापडले: एकीकडे दाब चढला की दुसरीकडे उतरतो. त्यातला एक उत्तर अटलांटिकचा. तो हलला की पश्चिमी वाऱ्यांचा जोर आणि वाट बदलते, आणि तिबेटचा हिवाळाही. शोधायला निघाले होते आपला पाऊस, हाती लागला युरोपचा हिवाळा!

आज तिबेट जगाच्या सरासरीपेक्षा वेगानं तापतंय. उन्हाळ्यात पठार तापणं, जेट उत्तरेला सरकणं आणि मान्सून येणं एकमेकांत गुंतलेलं आहे. म्हणून हिंदमाताला गुडघाभर पाण्यातून चालताना मला ते पठार आठवतं. आणि १८९९सुद्धा: एकाच कारणावर सगळा भरवसा टाकू नये.