रूपसिंग, कॅप्टन

(८ सप्टेंबर १९०८ – १६ डिसेंबर १९७७). भारतीय हॉकीपटू. लॉस एंजेलिस (१९३२) आणि बर्लिन (१९३६) येथील ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकणाऱ्या दोन्ही संघांतील लेफ्ट-इन. ध्यानचंद यांचे धाकटे बंधू. जन्म जबलपूरचा, वडील सामेश्वर सिंग ब्रिटिश हिंदी सैन्यात सुभेदार. कुटुंब पुढे झाशीला स्थिरावले आणि हॉकीही तिथेच, ‘झाशी हीरोज’ संघात, रुजली. रूपसिंगांनी नोकरी मात्र शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानच्या फौजेत धरली. तिथे ते कॅप्टन झाले, संस्थान विलीन झाल्यावरही गावातच राहिले आणि तिथेच वारले.

त्या काळी संघाची मांडणी दोन फुलबॅक, तीन हाफबॅक आणि पाच फॉरवर्ड अशी असे. लेफ्ट-इनचे काम दुहेरी असे : मागे येऊन हाफबॅककडून चेंडू घ्यायचा आणि पुढे सेंटर फॉरवर्डला तो नेमका द्यायचा. हॉकीची काठी एकाच बाजूने सपाट असल्याने चेंडू डावीकडे ओढून मारणे सोपे. उजवीकडे, म्हणजे ध्यानचंद असत तिकडे, तो देताना पाय आणि अंग वेळेत वळवावे लागते. रूपसिंग हे काम बिनचूक करत. डावीकडे कडेचा फॉरवर्ड जाफर, उजवीकडे थोरला भाऊ, मध्ये हे. दोन ऑलिंपिकमध्ये ही साखळी तुटली नाही.

१९३२ साली हॉकीत भारत, जपान आणि अमेरिका हे तीनच संघ होते, हे विक्रमांकडे पाहताना विसरू नये. जपानविरुद्धचा सामना भारताने ११–१ असा जिंकला. त्यात रूपसिंगांचे तीन गोल होते. ११ ऑगस्टला अमेरिकेवर २४–१ असा विजय मिळाला. ऑलिंपिक हॉकीतील एका सामन्यातले हे आजही सर्वाधिक गोल. त्यांतले दहा रूपसिंगांचे, आठ ध्यानचंदांचे. स्पर्धेतली बेरीज धाकट्याची तेरा, थोरल्याची बारा. तरीही त्यांची ओळख ‘ध्यानचंदांचे बंधू’ अशीच करून दिली जाते, आणि प्रस्तुत नोंदही त्याला अपवाद नाही.

बर्लिनला प्रतिस्पर्धी अधिक तयारीचे होते. १५ ऑगस्ट १९३६ च्या अंतिम सामन्यात यजमान जर्मनीने मध्यंतरापर्यंत भारताला एकाच गोलवर रोखून धरले. तो गोल रूपसिंगांचा. उत्तरार्धात बांध फुटला आणि सामना ८–१ असा संपला. आठ गोलांच्या गर्दीत कोंडी फोडणारा पहिला गोल सहसा कोणी आठवत नाही. पुढची दोन ऑलिंपिक दुसऱ्या महायुद्धाने गिळली आणि त्यांची ऑलिंपिक कारकीर्द तिथेच संपली.

लंडन ऑलिंपिकच्या वेळी (२०१२) तिथल्या भुयारी रेल्वेच्या एका खास नकाशात स्थानकांना ऑलिंपिकवीरांची नावे दिली होती. त्यांत ध्यानचंद आणि भारतीय हॉकीपटू लेस्ली क्लॉडियस यांच्यासोबत रूपसिंगही होते.

मराठी वाचकाला त्यांचे नाव बहुधा क्रिकेटमुळेच ठाऊक असते. ग्वाल्हेरचे कॅप्टन रूपसिंग स्टेडियम मुळात हॉकीचे. नंतर ते क्रिकेटकडे गेले आणि १९८८ मध्ये तिथे भारत–वेस्ट इंडीज एकदिवसीय सामना झाला. २४ फेब्रुवारी २०१० रोजी याच मैदानावर सचिन तेंडुलकरने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १४७ चेंडूंत नाबाद २०० धावा केल्या. पुरुषांच्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधले ते पहिले द्विशतक. ग्वाल्हेरात हॉकी मात्र संपली नाही : मध्य प्रदेश शासनाची महिला हॉकी अकादमी २००६ पासून याच शहरात आहे. आंतरराष्ट्रीय क्रिकेटही आता या मैदानावरून हलले आहे. ६ ऑक्टोबर २०२४ चा भारत–बांगलादेश टी-ट्वेंटी सामना शंकरपूरच्या नव्या श्रीमंत माधवराव शिंदे स्टेडियमवर झाला.