भातकुलीचे सोयाबीन, जपानचे ताट

भातकुली हे आमचे तालुक्याचे गाव. अमरावतीच्या पश्चिमेला, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. गावाचे नाव परगावी सांगितले की समोरचा हमखास विचारतो, ‘भातुकली?’ गेल्या वर्षी पुण्यात भाच्याने एका जपानी उपाहारगृहात नेले, तेव्हा मात्र भातुकली मलाच आठवली. चिमुकल्या वाट्या, बोटभर ताटल्या, प्रत्येकीत दोन घास. पहिली बशी आली ती उकडलेल्या हिरव्या शेंगांची, वर जाडे मीठ भुरभुरलेले. थंडीत आपण तुरीच्या शेंगा उकडतो, अगदी तशा. पण शेंगेवरची लव दिसली आणि माझा हात थांबला.

“अबे, हे त आपल्या वावरातलं सोयाबीन होय!”

“मामा, याला इथं एदामामे म्हणतात,” भाचा हसला. “खाऊन तर पाहा.”

दाणा गोडसर होता, सोल्यांसारखा. इतकी वर्षे सोयाबीन पेरले, कापले, विकले; शेंग तोंडात टाकली ती त्या दिवशी प्रथमच. तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळतो आहे. वऱ्हाड आणि जपान यांचा संबंध तर जुना आहे. मग जपानची चव आपल्याकडे यायला इतका उशीर का झाला?

हा संबंध कापसाचा. १८६७ मध्ये रेल्वे बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली आणि वऱ्हाडचा कापूस थेट मुंबईला जाऊ लागला. मुंबईच्या बाजारात त्याला ‘ऊमरा’ हे नाव पडले, ते उमरावती म्हणजे आपल्या अमरावतीवरून. जपानच्या नव्या गिरण्यांना असा आखूड धाग्याचा, स्वस्त हिंदी कापूस हवा होता. मात्र वाहतूक परदेशी आगबोट कंपन्यांच्या मुठीत होती. तेव्हा जमशेटजी टाटांनी निप्पोन युसेन काइशा या जपानी कंपनीशी हातमिळवणी केली आणि नोव्हेंबर १८९३ मध्ये ‘हिरोशिमा मारू’ बोटीने मुंबई–कोबे वाहतूक सुरू झाली. मित्सुई, गोशो यांसारख्या जपानी कंपन्यांनी पुढे मुंबईत कापूस खरेदीच्या कचेऱ्या थाटल्या.

ज्या जमशेटजींनी कोबेची वाट उघडली, त्यांचेच ताजमहाल हॉटेल १९०३ मध्ये सुरू झाले. त्या हॉटेलात ‘वासाबी’ हे जपानी उपाहारगृह उघडले ते २००४ मध्ये. बोट सुटल्यापासून चव परत यायला १११ वर्षे लागली!

उलट दिशेने मात्र चव लवकर पोचली. क्रांतिकारक रासबिहारी बोस १९१५ मध्ये जपानला गेले. तोक्योतील ‘नाकामुराया’ या बेकरीच्या मालकांनी त्यांना आश्रय दिला आणि पुढे आपली मुलगीही दिली. १९२७ मध्ये तिथे उपाहारगृह सुरू झाले, तेव्हा बोसांच्या पद्धतीची हिंदी करी जपानी गिऱ्हाइकांच्या पानात पडली. १९३३ मध्ये, म्हणजे जपानी गिरण्यांनी हिंदी कापसावर बहिष्कार घातला त्याच वर्षी, निचिदात्सु फुजी हे जपानी भिक्षू वर्ध्याला गांधीजींकडे आले. फुजी गुरुजींच्या पंथाचा मंत्र पुढे आश्रमाच्या प्रार्थनेत सामील झाला. जपानी स्वयंपाकघर मात्र विदर्भात आले नाही.

ते यायला हवे होते असे म्हणण्याला एक कारण आहे. १९३५ मध्ये त्याच वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी सोयाबीनचा आहार करून पाहिला आणि ‘हरिजन’मध्ये त्याविषयी लिहिले. गरिबाला स्वस्तात प्रथिने मिळावीत, हा हेतू. दाण्यात प्रथिने सुमारे ४० टक्के आणि तेल २० टक्क्यांच्या आसपास. हिशेब बिनतोड होता. तरीही सोयाबीन आपल्या ताटात रुजले नाही. माझ्या मते गांधीजींच्या हाती दाणा होता, पण त्यामागची पाककला नव्हती. नुसते शिजवलेले सोयाबीन उग्र लागते आणि पोटाला जडही पडते.

जपानने ही अडचण शतकानुशतके सोडवत आणली. बौद्ध धर्माच्या प्रभावाने तिथे सातव्या शतकापासून राजाज्ञांनी मांसाहारावर वेळोवेळी बंधने आली. मासळी चालू राहिली, पण मठांची भिस्त सोयाबीनवरच होती. भिजवून, वाटून, गाळून काढलेले दूध समुद्राच्या मिठातल्या कडू क्षाराने गोठवले की तोफू होतो. शिजवलेल्या दाण्यांत मीठ आणि तांदळावर वाढवलेली बुरशी मिसळून महिनोन्‌महिने मुरवले की मिसो. गहू घालून आंबवले की शोयू, म्हणजे आपल्या चायनीजच्या गाडीवरच्या सोया सॉसचा जपानी भाऊबंद. उग्रपणा जातो तो असा. आंबवून आणि वाट पाहून.

आपल्याकडे सोयाबीनने १९९० नंतर बघता बघता कापसाची जागा घेतली. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचे ‘जेएस ३३५’ वाण वऱ्हाडात इतके पसरले की शेतकरी त्याला नुसते ‘तीनशे पस्तीस’ म्हणतो. पण पोते घरी येते ते विकण्यासाठी. तेल गिरणीत निघते, पेंड कोंबड्यांच्या खाद्याला किंवा परदेशी जाते. घरात परत आलेच तर किराणा दुकानातल्या सोयावड्यांच्या रूपाने. कापसाचे झाले तेच याचे झाले. कच्चा माल आपला, त्याचे पुढे काय करायचे ते ज्ञान दुसऱ्याचे. म्हणून भाव पडला की आपल्या हातात काहीच उरत नाही, घरी खाण्याचा मार्गसुद्धा नाही.

पुढे मिसोचे सूप आले. मी शाकाहारी, म्हणून भाच्याने आधी चौकशी केली. कारण त्याचे पाणी बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाचे असते. माझ्यासाठी कोंबू या समुद्री शेवाळाचे केलेले आले. खारट, मुरलेले, आपल्या लोणच्याच्या खारासारखे जिभेवर रेंगाळणारे. वासाबी मात्र ठेच्याच्या माणसालाही नवी. ठेचा जीभ जाळतो, ही थेट नाकात चढते.

घरी परतलो तेव्हा शेंगा भरल्या होत्या, अजून हिरव्या होत्या. ओंजळभर तोडून मिठाच्या पाण्यात चांगल्या उकडल्या. आमचे वाण तेलाचे, दाणा बारीक. पुण्याची गोडी त्याला नव्हती. पण नातवाने बशी संपवली आणि विचारले, “आबा, हे आपण आधी का नाही खाल्लं?” त्याला सांगायला निदान १८९३ पासून सुरुवात करावी लागली.