मुक्ताचा निबंध छापून आला तेव्हा



मागच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि उठता उठता आमच्यातल्या एकीने विषय काढला. तिची मुलगी जिल्ह्याच्या गावी पत्रकारितेचा कोर्स करते. पहिलं वर्ष संपत आलंय. आई म्हणाली, "बायांनो, ही शिकते काय तेच मला कळंना. नर्सिंगची पोरगी इंजेक्शन द्यायला शिकते, डीएडची पोरगी शिकवायला शिकते. ही सकाळी सहाच्या एसटीने जाते, दिवसभर लोकांना प्रश्न विचारते आणि रात्री वहीत लिहीत बसते. याला शिक्षण म्हणायचं का?" घरात पुढच्या वर्षाची फी भरायची की पोरीचं स्थळ बघायचं, यावरून धुसफूस चालली होती. ते आम्हाला आधीच ठाऊक होतं.

मग आम्ही मुलीलाच बोलावलं. ती लाजत लाजत सांगायला लागली. पहिल्या महिन्यात सरांनी सहा प्रश्न पाठ करून घेतले: कोण, काय, कुठे, केव्हा, का आणि कसं. एक जरी राहिला तरी बातमी लंगडी. मग त्यांना भाजी मंडईत पाठवलं. टोमॅटोचा भाव विचारून या, पण एका माणसाला विचारून परत यायचं नाही. शेतकऱ्याला विचारा, आडत्याला विचारा, हातगाडीवाल्याला विचारा. तिघांनी तीन भाव सांगितले. तिने दोन पानं लिहून नेली, सरांनी लाल पेनाने दीड पान खोडलं. त्या रात्री जेवली नाही, असं आईनेच मधे सांगितलं. दिवाळीनंतर जिल्ह्याच्या पेपरात तिची चार ओळींची बातमी आली, पाण्याच्या टाकीची. खाली नाव नव्हतं. तरी आईने ते कात्रण रेशनकार्डाच्या कव्हरात घालून ठेवलंय. म्हणजे शिक्षण आहे की नाही हा प्रश्न विचारणारीच ते कात्रण जपून होती!

त्यावरून आम्ही ठरवलं, या वेळच्या भाषणाला हाच विषय घ्यायचा. आपल्याकडे शिकत्या मुलीने लिहावं आणि ते पेपरात छापून यावं, हे कधीपासून आहे? शोधत मागे मागे गेलो आणि एका विद्यार्थिनीपाशीच येऊन थांबलो. तिचं नाव मुक्ता साळवे.

सालं जरा ध्यानात ठेवा. १८४८ साली सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. पुढे चार-पाच वर्षांत आणखी शाळा निघाल्या, त्यात महार, मांग अशा अस्पृश्य ठरवलेल्या जातींच्या मुलामुलींसाठीही होत्या. अशा शाळेत मुक्ता आली. ती मांग समाजातली, लहुजी वस्ताद साळव्यांच्या घराण्यातली. लहुजींची पुण्यात तालीम होती, जोतीराव तिथे दांडपट्टा शिकले होते, आणि वस्तीतली मुलं शाळेत यावीत म्हणून लहुजींनी पुढाकार घेतला होता. सावित्रीबाई शाळेत जाताना लोक शेण-चिखल फेकायचे हे आपण जयंतीच्या भाषणात दरवर्षी ऐकतो. बाईंवर शेण पडत होतं, तर त्यांच्या शाळेत जाणाऱ्या पोरींच्या वाट्याला काय आलं असेल, याचा विचार मात्र आपण फारसा करत नाही. आम्हीही आजवर केला नव्हता.

मुक्ता तीन वर्षं शाळेत शिकली. चौदाएक वर्षांची असताना तिने एक निबंध लिहिला. मांग-महारांच्या दुःखाविषयी. तो 'ज्ञानोदय' नावाच्या पत्रात छापून आला, तोही दोन भागांत: पहिला १५ फेब्रुवारी १८५५ ला, दुसरा १ मार्चला. 'ज्ञानोदय' हे अमेरिकन मिशनचं पत्र, १८४२ साली अहमदनगरला सुरू झालेलं. मिशनऱ्यांचा हेतू उघड होता, त्यांना आपल्या धर्मातले दोष दाखवायचे होते, म्हणून असा निबंध त्यांना हवाच होता, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. पत्र कुणाचं होतं ते होतं, निबंध मुक्ताचा होता. आणि तिच्या आधीच्याच वर्षी, १८५४ ला, तिच्या सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा कवितासंग्रह निघाला होता. ज्या शाळेत बाई स्वतः लिहितात, त्या शाळेत पोरीही लिहिणारच.

आता त्या निबंधात आहे काय, ते आमच्या शब्दांत सांगतो. मुक्ता सरळ धर्मालाच हात घालते. वेद फक्त ब्राह्मणांचे, आम्ही ते बघायचेसुद्धा नाहीत, मग आमचा धर्म कोणता, असा तिचा सवाल आहे. ज्या धर्माचा लाभ एकालाच आणि बाकीचे नुसते बघत राहणार, तो धर्म नकोच, इथपर्यंत ती जाते. चौदा वर्षांची पोर! त्यानंतर ती पुरावे मांडते. मोठ्या इमारतींच्या पायात तिच्या लोकांना तेल-शेंदूर पाजून पुरायचे, तालमीपुढून नुसतं गेलं म्हणून मुंडकं उडवायचे, वाचायला शिकलेला कुणी दिसला तर बाजीरावाचा कसा संताप व्हायचा, हे सगळं ती लिहिते.

इथे आमची ती कोर्सवाली मुलगी मधेच म्हणाली, "पण मावशी, पेशवाई तर १८१८ ला बुडाली. मुक्ताचा तेव्हा जन्मही नव्हता. तिला कोणी सांगितलं?" आम्ही जरा गप्प झालो, कारण प्रश्न बरोबर होता. निबंध लिहिला त्याआधी सदतीस वर्षांची गोष्ट. म्हणजे ज्यांनी ते दिवस अंगावर काढले होते, ती म्हातारी माणसं मुक्ताच्या लहानपणी वस्तीत असणार. पोरीनं ऐकून ठेवलं आणि लिहायला आल्यावर कागदावर उतरवलं. त्या माणसांना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या तोंडचं तिच्या हातून छापलं गेलं नसतं, तर त्यांच्या बाजूने सांगणारं कोण होतं? दप्तरं सगळी दुसऱ्यांच्या हातात होती.

पण मैत्रिणींनो, त्या निबंधात आम्हाला सगळ्यात लागलेली जागा वेगळीच आहे. मुक्ता बाळंतपणाचं लिहिते. आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परही नसतं, थंडीवाऱ्यात, पावसात त्यांचे काय हाल होत असतील, याचा विचार तुमच्या स्वतःच्या अनुभवावरून करा, असं ती वाचणाऱ्यांना सांगते. बाळंतपणात काही रोग झाला तर औषधाला आणि वैद्याला पैसे कुठून आणायचे, हेही विचारते. जातीच्या अन्यायावर पुढे मोठमोठ्या पुरुषांनी लिहिलं. पण छप्पर नसलेल्या घरातली बाळंतीण एका पोरीला दिसली. तिने ते घरात बघितलं होतं म्हणून लिहिलं. असलं कशाला पेपरात, ही तर घरातली गोष्ट, असं तिला कुणी म्हणालं असेल का? आपल्याला तर अजून म्हणतात.

लहान पोरांचंही तिने लिहिलंय. ब्राह्मणांच्या मुलांनी दगड मारून डोकं फोडलं तरी ही पोरं तक्रार करत नाहीत, कारण उष्टं मागायला त्याच घरी जायचं असतं. पोरांनी का सोसलं, याचं कारण तिने एका वाक्यात दिलंय. कोर्समधल्या सहा प्रश्नांतला तो 'का' हाच.

शेवटी ती आपल्याच लोकांकडे वळते आणि शिका म्हणते. अज्ञान हा रोग आणि ज्ञान हे त्यावरचं औषध, असा तिचा सांगावा आहे. इंग्रज सरकारचे ती उपकार मानते. आज ते वाचताना काहीजणींना खटकेल. पण ज्या राज्यात आपलं माणूस अक्षर शिकल्याबद्दल मार खात होतं त्याच्यानंतर शाळा दाखवणारं राज्य आलं, तर त्या पोरीने काय लिहावं?

बस, एवढाच एक निबंध. मुक्ताचं दुसरं काही लिखाण आपल्या हाती आलेलं नाही. पहिलं पाऊल इतकं जोरात पडलं आणि दुसरं दिसत नाही.

हे तिच्या एकटीचंच नाही, हे आम्हाला पुढे वाचताना समजलं. आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे बघा. १८८२ साली त्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं. झालं होतं असं की सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला बाळाच्या खुनाबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी झाली, आणि पेपरवाले तिच्या निमित्ताने समस्त बायकांच्या चारित्र्यावर लिहायला लागले. ताराबाई ते पेपर वाचत होत्या आणि वाचून गप्प बसल्या नाहीत. त्या शाळेत गेलेल्या नव्हत्या, वडिलांनी घरीच शिकवलं होतं. पुस्तक छापलं पुण्यात. जोतीरावांनी त्यांची बाजू घेतली, पण टीका इतकी झाली की त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही.

मग तानुबाई बिर्जे. सत्यशोधकाच्या घरात वाढलेल्या. त्यांचे यजमान वासुदेवराव 'दीनबंधु' पत्र चालवायचे. हे पत्र कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली सुरू केलेलं, शेतकऱ्यांचं, कष्टकऱ्यांचं. पुढे वासुदेवराव गेले आणि तानुबाईंनी पत्र बंद पडू दिलं नाही, संपादकाच्या खुर्चीवर स्वतः बसल्या. नवरा गेल्यावर बाईने कोपऱ्यात बसायचं, असा तो काळ. मुक्ताला नि ताराबाईंना दुसऱ्याच्या छापखान्याकडे जावं लागलं, तानुबाईंच्या हातात पत्रच होतं. फरक तिथे पडला, असं आम्हाला वाटतं.

आता एक मोठी उडी मारू, काळाचीही आणि मुलखाचीही. उत्तर प्रदेशात चित्रकूट जिल्हा आहे, बुंदेलखंडातला, दगडाधोंड्याचा, पाण्याची ओरड असलेला. तिथे २००२ साली 'खबर लहरिया' नावाचं पत्र निघालं. काढणाऱ्या सगळ्या बायका. दलित, आदिवासी, मुसलमान, मागास जातींतल्या. कितीजणी तर मोठेपणी साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकलेल्या. कविता देवींचं लग्न बाराव्या वर्षी झालं होतं, अक्षरं नंतर शिकल्या, आणि पुढे त्याच या पत्राच्या संस्थापकांपैकी एक झाल्या. त्याआधी तिथल्या बाया 'महिला डाकिया' नावाचं छोटं पत्रक काढायच्या, त्यातून हात बसला होता. दिल्लीच्या 'निरंतर' संस्थेने शिकवायला मदत केली.

या बायांना कॉलेज नव्हतं, गाव हेच कॉलेज. पत्र बुंदेली बोलीत, म्हणजे घरात बोलतात त्याच भाषेत. बातमी त्यांनीच आणायची, त्यांनीच लिहायची आणि छापून आल्यावर गावोगाव हिंडून विकायचीही त्यांनीच. हापसा बंद का, रेशन कुठे गेलं, मजुरीचे पैसे अडकले कुठे, बाईला मारलं तर पोलिसांनी तक्रार का घेतली नाही. मुक्ताने विचारले तसलेच प्रश्न, फक्त आता दर अंकाला. २००९ साली त्यांना युनेस्कोचा साक्षरतेचा पुरस्कार मिळाला. पुढे कागद सुटला आणि मोबाइल हातात आला, तेव्हा काहीजणींनी त्यावरची इंग्रजी अक्षरं ओळखण्यापासून पुन्हा सुरुवात केली. त्यांच्यावरचा 'रायटिंग विथ फायर' हा माहितीपट २०२२ साली ऑस्करच्या स्पर्धेपर्यंत गेला. आणि गंमत बघा, सगळीकडे कौतुक चाललेलं असताना या पत्रकार बायांनी जाहीर सांगितलं की सिनेमात आमचं काम अर्धंच दाखवलंय. स्वतःच्या कौतुकाचीही तपासणी केली. आम्हाला तर त्यांचा हाच धडा फार आवडला.

हे सगळं आम्ही गटात वाचून दाखवलं तेव्हा फीचा विषय निघणारच होता. आईने अंतर्गत कर्जाचा अर्ज दिला, बाकीच्यांच्या व्याजाने, बाकीच्यांच्याच मुदतीने. स्थळाचं काय, असं एका आजीने विचारलंच. ते घरचे बघतील. गटाने फीपुरतं ठरवलं.

मुलीला कोर्सात आता शेवटचं काम दिलंय, आपल्या भागातल्या एका प्रश्नावर मोठी बातमी लिहायची. तिने आपलं उपकेंद्र घेतलंय. पावसाळ्यात एका रात्री तिथे लाइट गेली आणि मोबाइलच्या बॅटरीच्या उजेडात एक बाळंतपण झालं, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे, पण लिहिलेलं कुठेच नाही. नाव नको असेल तिचं नाव ती घालणार नाही, तसं तिने कबूल केलंय. डॉक्टरांनाही ती भेटणार आहे, त्यांचं म्हणणं घेतल्याशिवाय सर बातमी हातात धरत नाहीत.

शनिवारी दुपारी तीनला ती वही घेऊन समाजमंदिरात बसेल. त्या रात्री तिथे ज्या होत्या, त्यांनी तेवढं वेळेवर यावं. तिची परतीची एसटी साडेपाचची असते.