बरोबरीने झिजणारा दोरा

आमच्या घरी एक जुनी गोधडी आहे. वरून आणि खालून आजीची दोन सुती लुगडी, मध्ये आजोबांच्या विरलेल्या धोतरांचे थर, आणि कडेपासून मध्याकडे फेर घेत गेलेला धावदोरा. पंचवीसेक वर्षांपूर्वी तिचे टाके जागोजागी सुटू लागले, तेव्हा ती 'कायमची पक्की' करावी म्हणून शिलाई यंत्रावर घातली गेली. दोराही मुद्दाम चकचकीत, हाताने ओढून तुटणार नाही असा आणला होता. परवा ती उलगडून पाहिली. यंत्राची टीप कोठेही उसवलेली नाही. मात्र टिपेला लागून लुगडे फाटले आहे. छिद्रांच्या ओळीवरून टपालाचे तिकीट सुटावे इतके सरळ. यंत्र पोहोचले नव्हते अशा एका कोपऱ्यात आजीचे मूळ टाके शिल्लक आहेत. तेथे दोरा तुटला आहे आणि कापड शाबूत आहे.

दोरा टिकला आणि गोधडी गेली, असे हे प्रकरण. याला कोणा शिंप्याचा हलगर्जीपणा म्हणावा, तर तसेही नाही. आम्हीच त्याला सर्वांत मजबूत दोरा मागितला होता. मजबूत दोरा म्हणजे चांगला दोरा, हे आपण इतके गृहीत धरलेले असते की तो कशाच्या तुलनेत मजबूत असावा, हा प्रश्नच मनात येत नाही. शिवणकामातला जुना नियम मात्र नेमका याच प्रश्नाचे उत्तर देतो. ताण पडला तर आधी शिवण उसवावी, कापड फाटू नये. म्हणून शिवण कापडाहून किंचित दुबळी असावी. उसवलेली शिवण पुन्हा घालता येते. फाटलेल्या कापडाला ठिगळ लावता येते, पण ते पूर्वीचे कापड होत नाही.

हा नियम पाळणे एके काळी फारसे अवघड नव्हते, कारण दोरा आणि कापड एकाच घरचे असत. बंगालमधील कांथा हे त्याचे सर्वांत सुंदर उदाहरण. जुन्या साड्या एकावर एक पसरायच्या आणि त्यांच्याच काठांतून ओढून काढलेल्या रंगीत धाग्यांनी त्या शिवायच्या, अशी तेथील रीत होती. संस्कृतातील 'कंथा' म्हणजे चिंध्या जोडून केलेले वस्त्र. संन्याशाच्या अंगावरची ही कंथा नावासकट बंगाली घरात आली. आपल्याकडची गोधडी आणि वाकळ, कर्नाटकातील कौदी ही त्याच कुळातली भावंडे. कांथेतला दोरा कापडाएवढाच वापरलेला, तितक्याच धुण्यांतून गेलेला असे. त्याची निवड वेगळी करावी लागतच नव्हती.

दोरा हा बाजारातून निवडून आणण्याचा स्वतंत्र माल झाला, तो प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात. त्याची हकीकत स्कॉटलंडमधील पेस्ली या गावी सुरू होते. हे नाव आपल्याला परके नाही. आपण जिला कोयरी म्हणतो त्या आकृतीला इंग्रजीत याच गावाचे नाव मिळाले, कारण काश्मिरी शालींच्या नकला येथे मोठ्या प्रमाणावर विणल्या जात. या मागांवर ताण्याचे धागे उचलणारे फास रेशमी दोरीचे असत. युरोपात तोवर शिवणाचा दोरा मुख्यतः जवसाच्या झाडाचा, म्हणजे लिननचा, किंवा रेशमाचा असे. सुती दोरा त्या कामाला कच्चा समजला जाई. नेपोलियनने नोव्हेंबर १८०६ मध्ये ब्रिटनची व्यापारी नाकेबंदी जाहीर केली आणि पेस्लीला रेशीम मिळेनासे झाले. तेव्हा क्लार्क कुटुंबातील पॅट्रिक क्लार्क याने सुती धागे पिळून रेशमासारखा गुळगुळीत दोर तयार केला. फासांना जो दोर चालतो तो सुईलाही चालेल, हे लक्षात यायला वेळ लागला नाही. १८१२ मध्ये क्लार्क बंधूंनी सुती शिवणदोऱ्याचा कारखाना काढला. सुरुवातीला दोरा लडीने विकला जाई. पुढे तो लाकडी रिळावर गुंडाळून देऊ लागले. रिळासाठी अर्धा पेनी जादा घेत आणि रिकामे रीळ आणून दिले की परत करत, असे सांगतात.

हा दोरा तीन पदरी होता. हाताने शिवणाऱ्याला तो पुरेसा होता. एलियस हौ याने १८४६ मध्ये आणि आयझॅक सिंगर याने १८५१ मध्ये आपापल्या शिलाई यंत्रांचे पेटंट घेतल्यावर मात्र त्याची परीक्षा बदलली. हातशिवणीत एकच दोरा कापडाच्या वर-खाली जातो. यंत्राच्या टाक्यात वरचा दोरा आणि खालच्या बॉबिनचा दोरा एकमेकांत अडकतात. टाक्यात कायमचा बसण्यापूर्वी वरच्या दोऱ्याचा तोच तुकडा सुईच्या नेढ्यातून कित्येकदा पुढे-मागे घासला जातो. जरा जाड गाठ आली की तो अडतो, जरा बारीक जागा आली की तुटतो. दोऱ्याचा पीळ कोणत्या दिशेचा आहे यालाही आता महत्त्व आले, कारण उलट पिळाचा दोरा या घासण्यात उकलू लागतो. १८६० च्या दशकात जॉर्ज क्लार्क याने अमेरिकेच्या बाजारात सहा पदरी मऊ दोरा आणला आणि त्याला 'अवर न्यू थ्रेड' असे साधेच नाव दिले. दोन-दोन पदरांच्या तीन जोड्या एकत्र पिळलेला हा दोरा यंत्रासाठीच जन्मलेला होता.

या सहा पदरी दोऱ्याने एक गोंधळ मागे ठेवला आणि तो अजून मिटलेला नाही. सुताचा क्रमांक ठरवण्याची इंग्रजी पद्धत अशी : ८४० यार्डांची एक लडी धरायची, आणि एक पौंड वजनात अशा जितक्या लड्या बसतील तो सुताचा क्रमांक. म्हणजे क्रमांक जितका मोठा तितके सूत बारीक. साठ नंबरी दोरा म्हणजे साठ नंबरी सुताचे तीन पदर, हा सरळ हिशेब होता. सहा पदरी दोरा आला तेव्हा गिऱ्हाइकाच्या ओळखीची जाडी कायम राहावी म्हणून त्याच्यासाठी १२० नंबरी सूत वापरले गेले, पण रिळावरचा आकडा मात्र ६० असाच राहिला. आकडा तोच, तो ज्याचे माप सांगत होता ते सूत बदलले. आजही रिळावरचे ५० पाहून जो दोरा घेतो तो अर्धेच वाचतो. पन्नास नंबरी दोन पदरी दोरा एक किलोमीटर लांबीला सुमारे २४ ग्रॅम भरतो. पन्नास नंबरीच तीन पदरी दोरा सुमारे ३५ ग्रॅम. आकडा एकच असून वजनात जवळजवळ दीडपटीचा फरक. म्हणून आकड्याबरोबर पदर पाहावे लागतात.

एवढ्या बारीक फरकाने काय बिघडते, हे तुकडे जोडून रजई करणाऱ्याला विचारावे. प्रत्येक सांध्यात कापडाची घडी दोऱ्यावरून वळते आणि दोरा आपल्या जाडीपुरती जागा खातो. एका ओळीत वीस सांधे असतील आणि प्रत्येकात अर्धा मिलिमीटर गेला, तर ओळ एक सेंटिमीटर आखूड होते आणि शेजारच्या ओळीशी तिचे कोपरे जुळत नाहीत. म्हणून तुकडे जोडायला बारीक, दोन पदरी, कापडात लपणारा सुती दोरा घेतात. थर एकत्र धरणाऱ्या टाक्यांचे काम वेगळे. तो दोरा वर उघडा राहतो, अंथरुणाचे घर्षण सोसतो, म्हणून तो थोडा जाड चालतो. हाताने टाके घालायचे असतील तर खळ दिलेला किंवा मेणावरून ओढलेला दोरा सोयीचा, कारण तो गुंतत नाही. यंत्रात मात्र तोच दोरा वापरू नये. त्याचे लेपण ताण देणाऱ्या चकत्यांवर बसते आणि टीप बिघडते. एकाच रजईत दोन कामांना दोन दोरे लागतात, ही गोष्ट यंत्रयुगाने शिकवली.

त्या शतकात दोऱ्याची ताकद आणि चकाकी दोन्ही वाढत गेली. लँकेशायरच्या जॉन मर्सर याने १८५० मध्ये सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करण्याचे पेटंट घेतले. त्याने सूत बळकट होई, पण आक्रसे. १८९० मध्ये होरेस लो याने तीच प्रक्रिया सूत ताणून धरून केली आणि त्याला रेशमासारखी झळाळी आली. मर्सराइज्ड हा शब्द आजही रिळांवर असतो. बारीक आणि मजबूत दोऱ्याला लांब तंतूचा कापूस लागे. तो अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरून आणि इजिप्तमधून येई. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धात अमेरिकी कापूस बंद झाला, तेव्हा वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबईहून लँकेशायरला भरभरून गेला खरा, पण त्याचा तंतू आखूड. जाड्याभरड्या कापडाला तो पुरला, बारीक शिवणदोऱ्याला नाही.

युद्धापूर्वीचा तो अमेरिकी कापूस बव्हंशी गुलामांनी वेचलेला होता, हे दोऱ्याच्या इतिहासात विसरता येत नाही. हॅरिएट पॉवर्स ही जॉर्जिया राज्यात १८३७ मध्ये गुलामगिरीत जन्मलेली स्त्री. मुक्ततेनंतर तिने बायबलमधील प्रसंग कापडाच्या तुकड्यांतून मांडणारी रजई केली. १८८६ मध्ये ती एका कापूस-प्रदर्शनात मांडली गेली. एका चित्रकला शिक्षिकेने ती तेव्हाच मागितली, पण पॉवर्सने विकायला नकार दिला. काही वर्षांनी अडचणीपोटी पाच डॉलरला दिली. आज ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. तिची दुसरी रजई बोस्टनच्या कलासंग्रहालयात आहे. या कामात हाताची शिवण आहे तशी यंत्राचीही आहे. सुती कापड, सुती दोरा. सव्वाशेहून अधिक वर्षे दोघे एकमेकांच्या आधाराने विरत आले आहेत.

सुताला खरा प्रतिस्पर्धी १९४१ मध्ये जन्मला. मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी पॉलिएस्टरचा तंतू तयार केला. आपल्या बोलीत तो टेरीन आणि टेरिकॉट या शब्दांनी शिरला. त्याच जाडीच्या सुती दोऱ्याहून तो बराच मजबूत, ओलाव्याने न कुजणारा, स्वस्त. पॉलिएस्टरच्या कापडाला तोच दोरा योग्य. तेथे सुती दोरा घातला तर शिवण नाहक लवकर जाईल. म्हणून पॉलिएस्टरचा दोरा वाईट, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आणि नव्या, घट्ट विणीच्या सुती कापडाला बारीक पॉलिएस्टर दोरा लगेच कापतो, असेही नाही. दोष असतो तो जोडीचा.

आमच्या गोधडीत ही जोडी तीन ठिकाणी चुकली होती. दोरा जाड होता आणि सुईही त्याला शोभेल अशी जाड. टीप बारीक आणि ताणून घातलेली, म्हणजे जुन्या लुगड्याला इंचाइंचाला दहा-बारा भोके. धावदोऱ्यात दोरा थोडा सरकतो, थरांना अंग हलवायला जागा देतो. यंत्राचा प्रत्येक टाका आपल्या जागी कुलूप लावून बसतो. आणि तिसरी चूक काळाची. ज्या दिवशी टीप घातली त्या दिवशी लुगडे तिला तोलून धरण्याइतके सशक्त असेलही. पण पुढची पंचवीस वर्षे उन्हाने, धुण्याने, अंगाखाली घासून सुती लुगडे झिजत गेले आणि दोरा जवळजवळ होता तसाच राहिला. दोघांमधले अंतर दरवर्षी वाढले. दोरा निवडताना आपण त्या दिवशीच्या कापडाशी त्याचे माप घेतो. खरे तर ते कापड म्हातारे झाल्यावर त्याच्याजवळ कोण असेल, हे पाहायला हवे.

संग्रहालयांत जुनी वस्त्रे सावरणारे लोक हाच नियम अधिक काटेकोरपणे पाळतात. ते अतिशय बारीक रेशमी किंवा सुती दोरा घेतात, टाके विरळ आणि सैल घालतात, आणि आपले काम पुढे कोणाला काढावे लागले तर मूळ वस्तूला धक्का न लागता काढता येईल, अशी व्यवस्था ठेवतात. आपली दुरुस्ती शेवटची नाही, ही नम्रता त्यात आहे. आजीला या शास्त्राचे नाव ठाऊक नव्हते. तिला एवढेच ठाऊक होते की दोन-चार वर्षांनी उन्हाळ्यात गोधडी धुवायची, सुटलेले टाके पाहायचे आणि पुन्हा घालायचे. तिच्या दोऱ्याचे तुटणे हा त्या कामाचाच भाग होता. आम्ही ते काम टाळण्यासाठी न तुटणारा दोरा आणला.

आता यंत्राची टीप उसवायला घेतली आहे. कापड जेथे धड आहे तेथेच. फाटलेल्या जागी जुन्या धोतराचा तुकडा खालून लावावा लागेल. एकेक टाका कापून, दोरा न ओढता चिमटीने उचलायचा. वीतभर उसवायला तास जातो. त्याखाली आजीच्या धावदोऱ्याची भोके अजून ओळीने दिसतात. तीन पदरी साधा सुती दोरा आणला आहे आणि शक्य तेथे त्याच भोकांतून सुई घालायची, असे ठरवले आहे.