वेरूळचा लेप व जालन्याची भांग

वेरूळच्या ‘तीन ताल’ या नांवानें प्रसिद्ध असलेल्या बाराव्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यांत भांगेच्या झाडाचे अंश मिसळलेले आहेत, असा निष्कर्ष राजदेव सिंग व एम. एम. सरदेसाई या दोन संशोधकांनीं २०१६ सालीं ‘करंट सायन्स’ या नियतकालिकांत मांडला. पहिले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनशाखेंत काम केलेले, दुसरे मराठवाडा विद्यापीठांतील वनस्पतिशास्त्रज्ञ. लेण्याच्या संबंधांत भांगेचें नांव निघतांच ऐकणाऱ्यास हंसूं यावें हें स्वाभाविक आहे; परंतु त्या हंसण्यांत एक लहानसा तपशील दुर्लक्षित राहिला. गिलाव्यांतील तंतु ओळखण्यास ताजीं झाडें तुलनेस हवीं होतीं. तीं दिल्लीच्या आसपासच्या भागांतून व आमच्या जालन्याकडून आणलेलीं होतीं. वेरूळ व जालना हीं १ मे १९८१ पर्यंत एकाच जिल्ह्यांत मोडत होतीं, हें येथें आठवणें अप्रस्तुत होणार नाहीं.

वेरूळ म्हटलें कीं काळा पाषाण डोळ्यांपुढें येतो. परंतु शिल्पकाराची टांकी थांबली म्हणजे मूर्ति पुरी झाली, अशी त्या काळची समजूत नव्हती. राष्ट्रकूट कृष्णराज पहिला (सुमारें इ. स. ७५६ ते ७७३) याच्या कारकीर्दींतील कैलास मंदिरास लोक ‘रंगमहाल’ म्हणत, तें उगीच नव्हे. त्या मंदिराच्या अंगावर चुन्याचा गिलावा व त्यावर रंग होता. आडोशाच्या जागीं त्याचे तुकडे अद्यापि दिसतात, व मंडपाच्या छतास तर एकावर एक असे चित्रांचे थर आहेत. दगड, त्यावर तंतुमिश्रित माती, तीवर पांढरा पातळ हात, व सर्वांवर रंग, असा हा क्रम सामान्यतः असतो. अजिंठ्याच्या रंगांची परीक्षा झाली तेव्हां असें दिसून आलें कीं, तांबडा व पिंवळा हे लोहयुक्त मातीचे, हिरवा याच भागांतील काळ्या खडकांत सांपडणाऱ्या हिरव्या मातीचा, काळा काजळीचा. दूरदेशाहून आला तो एकटा निळा. राजावर्त बदख्शानच्या खाणींतून येत असे. म्हणजे हा चित्रकार आपल्या पायाखालची मातीच उचलीत होता, आणि निळ्यासाठीं मात्र व्यापाऱ्यावर अवलंबून होता. एका रंगाच्या पृथक्करणावरून व्यापाराचा मार्ग उजेडांत येतो, असें प्रमाण ताम्रपटांतहि क्वचितच मिळतें. दक्षिणेंतील भित्तिचित्रांच्या बाबतींत हें काम मद्रासच्या सरकारी संग्रहालयांतील एस. परमशिवन् यांनीं १९३० नंतरच्या दशकांत पद्धतशीरपणें आरंभिलें, त्याचें स्मरण येथें केलेंच पाहिजे.

आतां भांगेकडे वळूं. ताग, अंबाडी, भांग यांचे तंतु मातींत शेंकडों वर्षें राहिल्यावर नुसत्या डोळ्यांनीं वेगळे ओळखतां येत नाहींत. म्हणून सूक्ष्मदर्शक, विद्युत्कणांचा सूक्ष्मदर्शक व अवरक्त किरणांची परीक्षा अशीं तीन साधनें वापरलीं गेलीं. शेवटच्या परीक्षेंत प्रत्येक द्रव्य आपापल्या ठराविक ठिकाणीं किरण शोषून घेतें, व त्या खुणांवरून द्रव्याची ओळख पटते. अक्षराच्या वळणावरून लेखक ओळखावा, तसाच हा प्रकार होय. गिलाव्यांत भांगेचें प्रमाण सुमारें १० टक्के असल्याचें सांगण्यांत आलें. तंतूंमुळें माती एकजीव राहते व तडे कमी जातात. शिवाय या झाडाला कीड सहसा लागत नाहीं, असें संशोधकांचें म्हणणें आहे. देवगिरीच्या यादवकालीन बांधकामांतहि भांग वापरली गेल्याचें त्यांनीं नमूद केलें आहे.

आमचा अभ्यास संस्कृताचा. त्यामुळें शास्त्रग्रंथांत याला आधार आहे काय, हा प्रश्न आमच्या मनांत प्रथम आला. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत वज्रलेपासाठीं एक अध्यायच दिला आहे. कच्चें टेंभुर्णीचें फळ, कंवठ, सांवरीचीं फुलें, वेखंड इत्यादींचा काढा अष्टमांश उरेपर्यंत आटवावा, त्यांत गुग्गुळ, बिब्बा, राळ, जवस, बेल घालून तो तापवून प्रासाद, लिंग, प्रतिमा व भिंती यांना लावावा, म्हणजे तो एक कोटि वर्षें टिकतो, असें त्याचें मत. कोटीचा हिशोब सोडून दिला तरी, त्याच्या या यादींत भांग नाहीं. परंतु पाणिनीच्या सूत्रांत (५.२.४) तीळ, उडीद, जवस यांच्या शेतांबरोबरच भंगेच्या शेताचेंहि नांव सिद्ध केलेलें आहे. यावरून हें झाड नशेपुरतें नव्हतें, तें पेरून काढण्याचें पीक होतें, एवढें निश्चित म्हणतां येतें. पंडितानें लिहून ठेवलेला लेप एक, व गवंड्याच्या हातांतला लेप दुसरा. आमच्या मतें दोहोंत तंटा उत्पन्न झाल्यास गवंड्याची साक्ष अधिक ग्राह्य मानावी, कारण ती अजून भिंतीवर आहे.

तथापि या निष्कर्षाच्या भरांत जीं विधानें प्रसृत झालीं तीं सर्वच जशींच्या तशीं स्वीकारण्यासारखीं नाहींत. भांगेमुळें हा गिलावा दीड हजार वर्षें टिकला, असें सांगतात. वेरूळची सुरुवात सहाव्या शतकांत झाली हें खरें; पण तीन ताल हें बौद्ध लेणें बहुतेक अभ्यासक सातव्या शतकाच्या अखेरीस अथवा आठव्याच्या पूर्वार्धांत धरतात. दुसरें असें कीं, याच लेण्यांतील भव्य बुद्धमूर्तीस एकोणिसाव्या शतकांत आसपासचे लोक राम म्हणून पूजीत, व तिचें गेलेलें नाक, ओठ, इतकेंच नव्हे तर मिशासुद्धां गिलाव्याच्या करून बसवीत. त्या गळल्या कीं नव्या लावीत, असें फर्ग्युसन व बर्जेस यांच्या १८८० च्या ग्रंथांत आहे. जेथें बुद्धास मिशा फुटूं शकतात, तेथें नमुना कोणत्या थरांतला हें आधीं ठरलें पाहिजे. अजिंठ्यास भांग नाहीं व तेथें किडीनें फार नाश केला, ही तुलनाहि विचारार्ह आहे. परंतु अजिंठ्याच्या चित्रांवर ओल, वटवाघळें, आणि १९२० नंतर निजाम सरकारनें आणविलेल्या इटालियन तज्ज्ञांचें लाखेचें रोगण, हे सर्व संस्कार घडलेले आहेत. सर्व श्रेय भांगेच्याच पदरीं घालणें आम्हांस सयुक्तिक वाटत नाहीं.

आमच्या जिल्ह्यापुरता प्रश्न याहून निकडीचा आहे. अन्वा येथील मंदिराच्या भिंतींवर विष्णूच्या शक्तींच्या मूर्ती आहेत. गांवोगांवच्या देवळांत यादवकालीन व नंतरच्या मूर्ती शेंदूर, चुना व अलीकडे तैलरंग यांच्याखालीं दडलेल्या आहेत. जीर्णोद्धार म्हटला कीं प्रथम तासणी चालते. गेरू लोखंडाचा, शेंदूर शिशाचा, हिंगूळ पाऱ्याचा. तिन्ही तांबडेच, पण रासायनिक परीक्षेंत तीन वेगळे साक्षीदार. पोथ्यांचा संग्रह करणाऱ्यांस हें विशेष सांगावयास नको. चुकलेल्या अक्षरावर लेखक सोमलयुक्त हरताळ लावी, त्यावरूनच ‘हरताळ फांसणें’ हा वाक्प्रचार भाषेंत रूढ झाला. पोथींतील हरताळ जपून ठेवणारे आम्ही, मूर्तीवरील हरताळ मात्र घांसून टाकतों.

२०२२ सालीं वणीच्या सप्तशृंगी देवीच्या अंगावरून हजार किलोंहून अधिक शेंदराचें कवच उतरविण्यांत आलें, व आंतील मूळ मूर्ति प्रगट झाली. तें काम तज्ज्ञांच्या देखरेखीखालीं झालें. लहान गांवीं कवच आपोआप गळतें, व त्याच दिवशीं वाजतगाजत नदींत विसर्जन होतें. या विधीस आमचा विरोध नाहीं. आमची विनंति इतकीच कीं, विसर्जनापूर्वीं मूर्तीस लागून असलेल्या सर्वांत आंतल्या थराचा गळलेला एक तुकडा, कांठावरील सर्व थर दिसतील असा, कांचेच्या स्वच्छ कुपींत ठेवावा; वर गांव, देवता, मूर्तीच्या कोणत्या अंगावरचा, व तारीख लिहावी. स्वतः कोणीं नख लावूं नये. संरक्षित स्मारकांत तर तो गुन्हाच आहे. शिशाचा शेंदूर विषारी असल्यामुळें उघड्या हातानें तो हाताळूं नये. तुकडा उचलण्यापूर्वीं जागचें छायाचित्र घ्यावें, आणि कुपी व छायाचित्र यांवर एकच क्रमांक घालावा.