सीमेवरील शब्द

हिंगोलीहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर कनेरगांव नाका नांवाचें गांव लागतें. नांवांतील 'नाका' आज केवळ नांवापुरता उरला आहे. परंतु १९४८ पर्यंत या भागांत खरोखरच एक राज्य संपून दुसरें सुरू होत असे. दक्षिणेस निजामाचें हैदराबाद संस्थान, उत्तरेस वऱ्हाड. १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं झालें, आणि १९०२ सालीं कर्झननें तें सालीना पंचवीस लक्ष रुपयांच्या बोलीवर कायमच्या पट्ट्यानें घेतलें. मालकी कागदोपत्रीं निजामाचीच राहिली. १९३६ पासून तर त्यांचे युवराज 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिरवूं लागले!

इंग्लंड आणि अमेरिका यांची भाषा एक असून घरगुती शब्द निराळे, याचें कौतुक आमच्या इंग्रजी शिकलेल्या वर्गाला फार. पाण्याच्या तोटीला एकीकडे 'टॅप' म्हणतात, दुसरीकडे 'फॉसेट'. पण तेथें मध्यें अटलांटिक महासागर आहे. येथें पैनगंगेच्या खोऱ्यांतील एक हद्द होती आणि तिच्या दोन्ही अंगांस मराठीच बोलली जात होती. राज्याच्या हद्दीनें कोणते शब्द तोडले आणि कोणते तिला तोडतां आले नाहींत, हें पाहण्यास याहून सोईचें स्थळ मिळणें कठीण.

तुटले ते दरबाराचे आणि बाजाराचे शब्द. जकातीला निजामी मुलखांत 'करोडगिरी' म्हणत. अकबराच्या अमदानींतील 'करोडी' या वसुली अंमलदाराशीं त्या शब्दाचें नातें उघड दिसतें. वऱ्हाडांत जिल्ह्याचा मुख्य डेप्युटी कमिशनर, तर इकडे अव्वल तालुकदार. आणि पोलीस ठाण्यावरचा अधिकारी 'अमीनसाहेब'. खिशांतला रुपयाहि बदले. सात हाली रुपये दिले म्हणजे सुमारें सहा कलदार मिळत, त्यामुळें बैल विकत घेणाऱ्याला आधीं रुपया कोणता हें विचारावें लागे. इतकेंच नव्हे, तर हद्द ओलांडतांच वर्ष बदले. संस्थानांत फसली सन चाले; तो इसवी सनाहून सुमारें ५९० वर्षांनीं मागें, आणि त्याचे महिने आजूर, दै, बहमन असे इराणी. कचेरीची भाषा उर्दू, १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यमहि उर्दू. आपल्याच दाव्याचा निकाल दुसऱ्याकडून वाचून घेण्याची पाळी मराठी शेतकऱ्यावर येई. शब्दांच्या या फरकाची किंमत अशा वेळीं रोकड मोजावी लागे.

आतां स्वयंपाकघरांत यावें. येथें करोडगिरीचा अंमल चालत नसे. बटाट्याला हद्दीच्या दोन्ही बाजूंस 'आलू' म्हणतात. 'बटाटा' पोर्तुगीजांच्या गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरला, 'आलू' उत्तरेकडून खुष्कीनें आला. या एका भाजीपुरतें कनेरगांव पुण्याच्या बाजूचें नसून दिल्लीच्या बाजूचें आहे. हातरुमालाची फारसी 'दस्ती' अशीच दोहोंकडे ऐकूं येते. पुण्याकडील उलथण्याला वऱ्हाडांत 'सराटा' म्हणतात, पातेल्याला 'गंज', आणि कोथिंबिरीला चक्क 'सांबार'! पुणेरी पाहुण्याला 'आमटींत सांबार घालूं का?' असें विचारलें, तर तो बिचारा गोंधळेल हें सांगावयास नकोच. हे शब्द नदीपाशीं थबकत नाहींत. सोयरिकी दोन्ही कांठांवर होतात, आणि सासरीं आलेली मुलगी भांड्यांबरोबर त्यांचीं नांवेंहि घेऊन येते.

शेतीच्या अवजारांची गोष्ट याहून बोधप्रद आहे. पुण्या-साताऱ्याकडील 'कुळव' तो इकडे 'वखर'. तिकडील 'पाभर' ती इकडे 'तिफण', आणि तिचे तीन फण नांवांतच मोजून घ्यावेत. या दोन शब्दांपुरता मराठवाडा व वऱ्हाड हा एकच मुलूख होय. परंतु पिकांच्या ओळींमधील तण काढणारें अवजार वऱ्हाडांत 'डवरा', आणि दक्षिणेकडे सरकत जावें तसतसें 'कोळपें'. म्हणजे प्रत्येक शब्दाची हद्द वेगळी, आणि ती कोणत्याहि तहांत लिहिलेली नाहीं. फ्रान्समध्यें झिल्येराँ या पंडितानें एदमाँ नांवाच्या साहाय्यकाला सायकलवर ६३९ ठिकाणीं हिंडवून बोलींचे नकाशे केले आणि १९०२ ते १९१० या काळांत छापले. त्या नकाशांतूनहि हेंच दिसून आलें.

१९४८ सालीं संस्थान गेलें आणि त्याचे शब्द पाठोपाठ गेले. अव्वल तालुकदार, आजूर महिना, हाली रुपया हीं नांवें आज तरुणांना समजत नाहींत. ९५ वर्षांची हद्द एका पिढींत बोलण्यांतून पुसली गेली. राहिली ती हिंगोली आणि वाशीम या जिल्ह्यांची शीव. सराटा आणि डवरा मात्र तग धरून होते. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र-शब्दकोशानें (१९३२-३८) वऱ्हाडी शब्दांना प्रांताची खूण लावून मानानें जागा दिली. ती खूण जन्मस्थान सांगते, दोष सांगत नाहीं. आमच्या शाळांनीं मात्र तिचा अर्थ 'अशुद्ध' असा लावला. निबंधांत 'सराटा' लिहिणाऱ्या मुलाच्या वहींत तांबडी रेघ उमटते, आणि तो घरीं जाऊन आजीला सुधारूं लागतो. शेतांत तर रेघेचीहि गरज राहिलेली नाहीं. ट्रॅक्टरच्या मागें जोडावयाच्या अवजाराला आतां पुण्याकडे आणि पैनगंगेच्या दोन्ही कांठांवर 'कल्टिव्हेटर' असेंच म्हणतात. वखर म्हणावें कीं कुळव, हा प्रश्न दुकानांत कोणी विचारीत नाहीं.