ठिणगीची कुळकथा

इतिहास म्हटला की गड आणि तलवारी डोळ्यांपुढे येतात. पण माणसाचे चालणे ज्या वस्तूने बदलले, ती मुठीत मावेल एवढीही असू शकते. मोटारीचा स्पार्क प्लग त्यांतलाच. शीव-पनवेल रस्ता आमच्या खारघरच्या उशाशी आहे. दिवाळीला बोरघाट चढून देशावर निघालेली बिऱ्हाडे मी दरवर्षी पाहतो. पूर्वी अशा प्रवासाआधी बॉनेट उघडून प्लग पाहणे, हे उटणे कालवण्याइतकेच ठरलेले काम असे.

विजेच्या ठिणगीने इंजिनातला वायू पेटवण्याची युक्ती एतियेन लेन्वारने १८६० साली वापरली. पुढे १९०२ साली जर्मनीत बॉशच्या कारखान्यात गोटलोब होनोल्डने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याचा प्लग सिद्ध केला, आणि मोटारीला भरवशाची ठिणगी लाभली. मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक प्लग सेकंदाला २५ वेळा पेटतो!

आपल्याकडे मोटार आली ती पाहुणी म्हणून. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला मोटारी जुळवायला आरंभ केला. भाग परदेशचे, जुळणी आपली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ साली कुर्ल्याहून पहिली मोटार बाहेर पडली. तीही परदेशी भागांचीच. १९५३ साली सरकारने धोरण ठरवले, की नुसती जुळणी पुरे, भाग इथेच घडले पाहिजेत. जनरल मोटर्सने लवकरच गाशा गुंडाळला. १९५१ साली बंगळूरला बॉशच्या सहकार्याने निघालेल्या 'मायको'चे प्लग मात्र गल्लीतल्या दुकानापर्यंत पोचले. वाचकहो, स्वावलंबन मोठ्या धरणांतच असते असे नाही. ते अशा बोटभर वस्तूतही असते.

त्या प्लगने सामान्य माणसाला एक विद्या दिली. वैद्य जीभ पाहून पोटाचे दुखणे सांगतो, तसा पद्मिनी टॅक्सीचा चालक प्लगचे टोक पाहून इंजिनाचे सांगे. टोक फिकट तपकिरी, तर प्रकृती उत्तम. कोरडी काळी काजळी, तर पेट्रोल जास्त जाते आहे. ओले आणि तेलकट, तर रिंगा झिजल्या. पांढरे, भाजल्यासारखे, तर इंजिन फार तापते आहे. इंजिन गार झाल्यावर एकेक वायर काढायची, म्हणजे क्रम चुकत नाही. भोवतालची धूळ फुंकून मग पाना लावायचा. टोक झिजले असेल तर प्लग बदलायचा. नव्याचा गॅप फीलर गेजने तपासायचा आणि आटे आधी हातानेच बसवायचे. या विद्येला कॉलेजची पायरी चढावी लागत नव्हती.

मुंबईत पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंद २००३ साली झाली. वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती टॅक्सीही रस्त्यावरून उतरली. आता खारघरच्या रस्त्यांवर विजेच्या मोटारी धावतात. त्यांना प्लगच नाही, आणि धूर नाही हे चांगलेच. मला काळजी आहे ती निराळी. यंत्र उघडून स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची सवय प्लगबरोबर जाऊ नये. दारात पेट्रोलची स्कूटर असेल, तर या सुट्टीत मुलांना एकदा प्लग काढून दाखवा आणि त्याचा रंग त्यांनाच वाचू द्या.